आत्याच्या हातची पानं

"आत्या, तू आमच्या घरातून कधी जाणार आहेस?"

हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, आवाज अजिबात न कापता विचारायचा, अशी पैज होती. पैज लावली होती टाचणी आणि भोंगा या माझ्या दोन मैत्रिणींनी. टाचणी बारीक आहे आणि टोचते. भोंग्याबद्दल वेगळं सांगायला नको. मधल्या सुट्टीत टाचणी म्हणाली, "तू हल्ली लईच धीट झालीयेस ना? वादविवादात ढाल काय मारलीस, पीटीच्या सरांना उलट उत्तर काय दिलंस! मग घरी गेलं की मांजर का होतेस? विचार की तुझ्या बुरशीला."

बुरशी म्हणजे माझी आत्या. हे नाव टाचणीने ठेवलं होतं आणि मला ते इतकं आवडलं होतं की मी स्वतःच पाच वेळा वापरलं होतं.

तर मी विचारलं. चमचा खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि व्यासपीठावर बोलते तसं खणखणीत विचारलं.

आत्याचा घास हातात राहिला. बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. आणि आई, जी मला ओरडेल म्हणून मी मनातल्या मनात तयारच होते, ती म्हणाली, "बरं झालं तूच विचारलंस. मी विचारलं असतं तर वाईट दिसलं असतं."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती जिथे काम करायची ती भाजी पॅक करणारी कंपनी बंद पडली आणि ती एक बॅग घेऊन आमच्याकडे आली, "थोड्या दिवसांसाठी." ते थोडे दिवस काही संपेनात. ती ज्या खोलीत झोपायची ती खोली मला दहावीला मिळणार होती. रंगसुद्धा ठरला होता. त्याऐवजी मी हॉलमध्ये एका सोफ्यावर झोपायचे. तो उघडला की बेड व्हायचा, आणि कूस बदलली की अख्ख्या घराला कळवायचा.

बाकी आमच्या घराचा मालक म्हणाल तर लेट्यूस. माणसं भाडेकरू. आई आणि बाबा ऑफिसांना सॅलडचे डबे पुरवतात. आई कापते, मिसळते, भरते. बाबा व्हॅनमधून पोचवतात. सकाळी आई ओट्याशी उभी राहिली की तिला पानं धुतलेली, कोरडी आणि कुरकुरीत हातात लागतात. आदल्या दिवशी ही पानं तयार करून ठेवायची, हे आत्याचं काम. त्यासाठी काचा लावलेल्या गॅलरीत तिला एक वेगळा फ्रिज दिला होता. स्वयंपाकघरातला आईचा, गॅलरीतला आत्याचा. आई आत्याच्या फ्रिजला हात लावायची नाही. म्हणायची, "त्यात काय असतं ते मला डब्यांत दिसतंच."

दिसायचंच. आत्याची पानं टिकत नव्हती. ती सडत नव्हती, चिकटही होत नव्हती. पण मधल्या पांढऱ्या शिरेवर बारीक बारीक तांबूस डाग यायचे, लोखंडाला गंज चढावा तसे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर पानावर कोणी पेनाने ठिपके मारल्यासारखं दिसायचं. एका ऑफिसने अख्खे डबे परत पाठवले होते. झाकणावर चिकटपट्टीने एक पान लावून पाठवलं होतं. आईने ते पान तसंच स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारावर लावलं, आत्याला येता-जाता दिसेल असं.

"ताई, आता सरळच बोलू या," आई म्हणाली. ती आत्याला ताईच म्हणते, बाबांसारखं, फक्त तिच्या तोंडी तो शब्द दार लावल्यासारखा वाजतो. "तुम्हाला ठेवलंय ते त्या पानांसाठी. पुढच्या रविवारपर्यंत पानं नीट राहिली तर तुम्ही राहा. मी तोंडातून एक शब्द काढणार नाही. नाही राहिली, तर त्या साहेबांकडचं काम घ्या. ते अजून माणूस शोधतायत."

साहेब म्हणजे चौकापलीकडच्या बंगल्यातला एक म्हातारा. त्याला रात्रंदिवस सोबत राहणारी बाई हवी होती. आधीच्या बाया एकामागून एक पळून गेल्या होत्या. आत्या एकदा बघायला गेली होती, तर त्याने तिच्या अंगावर चहाचा कप फेकला. चहा गार होता, हे आई नंतर सगळ्यांना आवर्जून सांगायची.

"चालेल," आत्या म्हणाली. "पानं राहिली तर मी राहिले."

"अगं, काय हे जेवताना!" बाबा म्हणाले. "ताई कुठेही जात नाहीये. ताई, घे गं. तुझ्या ताटात काहीच नाही." आणि त्यांनी तिच्या ताटात एवढं वाढलं की तिला ते संपवताही आलं नाही. बाबा असेच आहेत. मी आयुष्यात त्यांना कोणावर ओरडताना पाहिलेलं नाही.

शाळेत माझा जयजयकार झाला. भोंग्याने बाकावर उभं राहून जाहीर केलं. टाचणीने मला तिच्या डब्यातला सगळ्यात मोठा तुकडा दिला आणि विचारलं, "रडली का?"

"नाही ना."

"मग अर्धीच पैज."

*

त्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी प्रकल्प दिला, 'घरच्या घरी भाजी ताजी ठेवण्याच्या पद्धती.' वर्गातल्या बाकीच्यांनी कोथिंबीर घेतली. मी लेट्यूस घेतलं, कारण घरात फुकट होतं आणि मला मेहनत करायची नव्हती.

आईने तिची पद्धत ओट्यावरूनच, मागे न बघता सांगितली. "न धुता ठेवायचं. अख्खा गड्डा टिश्यूत गुंडाळायचा, पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड थोडं उघडं. लागेल तेव्हा धुवायचं. आणि कोणाच्या हातात द्यायचं नाही."

बाबा पूर्वी शीतगृहात कामाला होते. फळं-भाज्यांच्या खोल्या सांभाळायचे. म्हणून त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "गार ठेव, कोरडं ठेव. बस्स. बाकी सगळी बडबड."

"एवढंच?"

"एवढंच, मॅडम."

मग आत्याकडे गेले, नाइलाजाने. टेपही घेऊन गेले, म्हटलं खोलीत चाललेच आहे तर भिंत मोजून घेऊ. ती पलंगावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होती आणि मी तिच्या पायांवरून टेप टाकून खिडकीपर्यंतचं अंतर मोजलं. तिने पाय वर उचलून घेतले, मला नीट मोजता यावं म्हणून.

"टेबल बसेल का गं?" तिने विचारलं.

"बसेल. पलंग हलवला तर."

"हलव की मग. मला काय, कुठेही झोप येते." आणि मग म्हणाली, "चल, तुला पानं दाखवते."

मला मान्य करावं लागेल की ते बघण्यासारखं होतं. आधी प्रत्येक पान वेगळं करायचं, कापायचं नाही, हाताने तोडायचं, कारण सुरीने कापलेली कड लवकर लाल पडते. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं. माती खाली बसते, पान वर येतं, म्हणून पान उचलायचं, पाणी ओतायचं नाही. मग सगळी पानं उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात भरायची, तोंड मुठीत धरायचं आणि गॅलरीची काच सरकवून, हात बाहेर काढून, अभ्रा गरागरा फिरवायचा. आमची आत्या, केस पिकलेली बाई, चौथ्या मजल्यावर दांडपट्टा खेळल्यासारखा अभ्रा फिरवत होती आणि पाण्याचे थेंब चारी बाजूंना उडत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू रोजच्यासारख्या ओरडल्या, "अहो, माझे कपडे!" आणि आत्या रोजच्यासारखी म्हणाली, "आधीच ओले आहेत की!"

मला हसू आलं. आत्याही हसली. मग मला आठवलं की आपण हिला घालवतोय, आणि मी तोंड सरळ केलं.

शेवटी डबा. तळाशी कोरडं सुती कापड, त्यावर पानांचा एकच थर, परत कापड, परत थर. दाबायचं नाही. "पानाला श्वास लागतो," ती म्हणाली. "पण पाणी टेकलेलं चालत नाही. रोज कापड बघायचं, दमट लागलं की बदलायचं. आमच्या कंपनीत माझा डबा आठवडा-आठवडा जायचा. लोक माझं नाव सांगून मागायचे." मग ती आत, आईच्या फ्रिजच्या दारावरच्या त्या चिकटवलेल्या पानाकडे बघून म्हणाली, "तेव्हा हात बरे होते."

मी चार डबे केले. एक आईच्या पद्धतीचा, एक आत्याच्या, एक नुसत्या पिशवीतला आणि एक गड्डा भांड्यात पाणी घालून उभा. चारही आईच्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवले.

पिशवीतला आधी मेला. उभा केलेला वरून छान आणि बुडाला चिकट. आईचा बरा होता, थोडा मलूल. आणि आत्याच्या पद्धतीने मी केलेला डबा उघडला तर पान असं मोडलं की आवाज आला. टक्क! मी ते आत्याला दाखवायला पळत गेले. गंमत म्हणून नव्हे. मला दाखवायचं होतं की बघ, मला जमतं.

ती तिच्या फ्रिजसमोर जमिनीवर बसली होती. मांडीत तिचा डबा. शिरांवर गंज.

तिने माझं पान घेतलं, मोडून बघितलं, कानाशी धरून परत मोडलं.

"हे तू केलंस?"

"तू सांगितलं तसंच. एक्झॅक्ट."

"मग झालं तर," ती म्हणाली. स्वतःचे हात उलटसुलट करून बघायला लागली. "पद्धत बरोबर आहे. माझ्या हातालाच काहीतरी झालंय."

"ताई, मी काय म्हणते," आई दारातून म्हणाली, कारण आई योग्य वेळी दारात असते, "तुम्हाला तापानंतर वास येत नाही, ते एक. आता हाताचं हे. म्हणजे खाण्याच्या वस्तूपाशी तुम्ही जावं की नाही, याचा तुम्हीच विचार करा."

आत्याने विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ती रबरी हातमोजे घालून पानं धुवायला लागली. पिवळे, कोपरापर्यंतचे, बाथरूम घासायचे असतात तसे. मी शाळेत त्याची नक्कल करून दाखवली. हातात दप्तराची पिशवी घालून, दोन बोटांनी पान उचलून, हुंगून, "हं, काहीच वास नाही!" भोंगा हसून हसून बाकावरून पडली. टाचणी म्हणाली, "वाटली नव्हतीस एवढी."

हातमोज्यांनीही काही झालं नाही. गंज आलाच.

मग रविवार दोन दिवसांवर राहिला तेव्हा आत्या माझ्याकडे आली. माझ्याकडे! सोफ्याच्या कडेवर, बसू की नको असं बसून म्हणाली, "चिमणे, या वेळचा डबा तू करशील? सगळा. मी हात लावत नाही. मी नुसती उभी राहते." मी म्हटलं माझा अभ्यास आहे. ती म्हणाली, "बरं," आणि उठलीसुद्धा. त्या पटकन उठण्याचा मला एवढा राग आला की मी म्हटलं, "थांब, करते."

मी तोडली, मी धुतली, मी अभ्रा फिरवला. खालच्या काकूंना मीच उत्तर दिलं. मी थर लावले. आत्या भिंतीला टेकून, दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. फक्त फ्रिजचं दार तिने उघडलं, कारण माझे हात भरलेले होते.

*

रविवारी सकाळी डबा उघडला. गंज.

आईने फोन उचलला, साहेबांच्या मुलीला लावला आणि म्हणाली, "हो, तयार आहेत. संध्याकाळी गाडी पाठवा." आत्याने मान हलवली आणि खोलीत आवरायला गेली.

मी मागे गेले. मला खरंतर पलंग कुठे सरकवायचा ते बघायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आत्या, पण ही तर मी धुतली होती. तू हातसुद्धा लावला नाहीस."

"दार मी उघडलं ना."

"दाराने काय होतंय?"

"मला काय माहीत? होतंय खरं." ती कपड्यांच्या घड्या घालत होती, पिवळे हातमोजे घालूनच. स्वतःच्याच कपड्यांना!

आता बघा, मी खूप गोष्टी सहन करते, पण हे असलं नाही. तेच पाणी, तेच कापड, तेच माझे हात. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये टक्क आणि गॅलरीतल्या फ्रिजमध्ये गंज. म्हणजे हात नव्हे, फ्रिज. पाचवीतल्या मुलालाही कळेल. मी तरातरा गॅलरीत गेले, आत्याच्या फ्रिजचं दार सताड उघडलं आणि अख्खं डोकं आत घातलं.

गोड वास आला.

लेट्यूसला असा वास नसतो. लेट्यूसला वासच नसतो, म्हणून तर लोक त्यावर एवढं काय काय ओततात. हा पिकलेला, जरा जास्तच पिकलेला वास होता. मी वरचे कप्पे बघितले. डबे आणि कापडं. खाली भाज्यांचा मोठा ड्रॉवर होता. तो जाम झाला होता. बाबांनीच सांगितलं होतं सगळ्यांना, "तो ओढू नका गं, तुटेल. मी बघतो कधीतरी." आत्याने तो कधी ओढला नाही. ती सांगितलेलं ऐकते.

मी आमटीच्या मोठ्या डावाचा दांडा फटीत घातला आणि जोर लावला. ड्रॉवर जाम नव्हता. बाजूच्या फटीत पुठ्ठ्याची घडी ठोकून पक्का केला होता. पुठ्ठा निघाला, ड्रॉवर सरकला. आत जाळीच्या पिशवीत सफरचंदं. खालची सुरकुतलेली, आणि वरची ताजी, चकचकीत, बहुतेक कालच आणलेली.

आमच्याकडे पाहुणे आले की बाबा एक किस्सा सांगतात. शीतगृहात एकाने चुकून सफरचंदांचा एक क्रेट लेट्यूसच्या खोलीत ठेवला. पिकलेल्या सफरचंदातून एक वायू सुटतो. दिसत नाही. त्याने लेट्यूसच्या पानांवर गंजासारखे ठिपके येतात. गार ठेवा, कोरडं ठेवा, काहीही करा, येतातच. अख्खी खोली गेली. आणि मोठ्या साहेबांनी त्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करून ती डागाळलेली पानं खायला लावली. इथे बाबा चघळण्याची नक्कल करतात, गायीसारखी, आणि पाहुणे लोळतात. मीही लोळायचे. हा किस्सा मी कितीदा ऐकला असेन! आणि आईने माझ्या दुप्पट.

आई! माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी पिशवी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासमोर ओट्यावर आपटली.

"आत्याच्या फ्रिजमध्ये सापडली. तूच ठेवलीस ना?"

आईने पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिच्या हातातली सुरी तशीच.

"मी?" ती म्हणाली. "मला तिला घालवायचं असतं तर तोंडाने घालवलं असतं. घालवतेच आहे की, सगळ्यांच्या देखत! मी कशाला फळं आणू?"

ते अगदी खरं होतं. तिने एक सफरचंद उचललं, अंगठ्याने दाबलं आणि हसली. चांगलं हसली नाही.

"अरे वा," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं या घरात वाईट मीच आहे."

तेवढ्यात बाबा आले. रिकामे क्रेट बगलेत, व्हॅनची किल्ली दातांत. त्यांनी ओट्याकडे बघितलं. किल्ली काढून खिशात ठेवली, क्रेट एकावर एक नीट रचून ठेवले, आणि मग आत्याच्या खोलीच्या बाजूचं दार हळूच लोटून घेतलं.

"हळू बोला," ते म्हणाले. आम्ही तर काही बोलतच नव्हतो.

"बाबा, तुम्ही?"

"ऐकून घे आधी."

"तुम्ही ठेवली?"

"तिने मला कडेवर घेऊन वाढवलंय. आईबाबा कामाला जायचे तेव्हा मला भरवायला तीच असायची. तिला मी जा म्हणू? माझ्या तोंडून निघेल का?"

"म्हणून सफरचंदांना म्हणायला लावलंत?"

आईने फसकन नाकातून हवा सोडली. बाबा मात्र अजूनही तसेच, शांत, समजूतदार. मला ती समजूत इतकी ओळखीची होती! मी पडले की हीच, मी नापास झाले की हीच.

"हे बघ, कुणी कुणाला दुखवलं नाही," ते म्हणाले. "भांडण नाही, आरडाओरडा नाही. तिला स्वतःलाच पटलं की हे काम आपल्याला झेपत नाही. माणूस असा स्वतःहून गेला की राग धरत नाही. आणि हे मी कोणासाठी केलं? तुला खोली हवी होती ना? तिच्या पायांवरून टेप कोणी टाकली होती? टेबलावर कोणी विचारलं होतं?"

"मी तोंडावर विचारलं."

"त्यानेच तर सगळं सोपं झालं."

मी आईकडे बघितलं. ती आता बोलेल असं मला वाटलं. तोंडाचा पट्टा तिचाच, न्याय तिचाच, रविवारची मुदतही तिचीच. तिने म्हटलं होतं ना, पानं राहिली तर राहा म्हणून? पानं राहिली असती की!

आईने सफरचंदं पिशवीत परत भरली, एक एक करून. "ही खाली टाकून ये," ती बाबांना म्हणाली. "आणि ड्रॉवर लाव नीट. गाडी येईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही."

"आई!"

"काय आई? मला तिचं ओझं नको होतं. नको असलेलं ओझं कोण उतरवतंय ते मी बघत बसत नाही. तूही बसू नकोस. रंग कुठला ठरला होता तुझा?"

"मी तिला सांगणार."

"काय सांगशील?" बाबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा बारीक झाला. ते माझ्यासमोर वाकून उभे राहिले, मी लहान असताना बुटांच्या नाड्या बांधायला वाकायचे तसे. "विचार कर. आत्ता ती काय समजून चाललीय? की आपला हात गेला. वाईट आहे, मान्य. पण माणूस त्यावरून उठतो. तू सांगितलंस तर तिचा भाऊ गेला. तिला दुसरं कोण आहे? हात खराब की भाऊ खराब, यातलं काय घेऊन तिने त्या म्हाताऱ्याच्या घरी झोपावं, ते तू सांग. तू हुशार आहेस ना?"

आणि खरं सांगते, वादविवादाची ढाल, पीटीचे सर, सगळं कुठल्या कुठे गेलं. ते बरोबर बोलतायत असं वाटलं. बाबांचं हेच आहे, ते बोलले की बरोबर वाटतं.

तेवढ्यात दारापलीकडून आत्याचा आवाज आला. मोठ्याने, पण कुणाला त्रास नको इतपतच मोठ्याने.

"अगं, हे हातमोजे मी नेले तर चालतील का? तिकडे असतील नसतील. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला माझा हात नको लागायला."

आई लगेच म्हणाली, "न्या, न्या! आम्हाला काय करायचेत!"

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता. आता ते दार उघडतील. त्यांनी डोळे उघडले, ओट्यावरची जाळीची पिशवी उचलली, तिला गाठ मारली आणि खाली टाकायला निघाले. माझ्याजवळून जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हलकेच, रोज ठेवतात तसा.

मी डोकं काढून घेतलं आणि त्यांच्या हातातली पिशवीही घेतली. जोरात ओढावी लागली नाही. त्यांनी कधी काही घट्ट धरलेलंच नसतं.

"ही राहू दे," मी म्हटलं. माझा आवाज व्यासपीठावरचा नव्हता, पण निघाला. "ही तिला दाखवायला लागेल."

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. "तुझीच खोली जाईल."

"बाबा, हात तिला रोज लागतात. भाऊ कुठे रोज लागतो?"

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बघितला, नीट, मुद्दाम. मग मी दार पूर्ण उघडलं, म्हणजे पुढचं आत्यालाही ऐकू जावं, आणि दोघांकडे तोंड करून उभी राहिले.

"मी आत चाललेय," मी सांगितलं. "तिला सगळं सांगणार. कोणी आणली, कुठे लपवली, पुठ्ठा कसा ठोकला, आणि आई, तू आत्ता काय म्हणालीस तेही. त्यानंतर साहेबाकडे जायचं की तुमच्या उरावर बसायचं, ते ती ठरवेल. पण खोली मी आजच घेतेय. ती राहिली तर तिच्यासोबत, गेली तर एकटी. बाबा, त्या हॉलमध्ये, तुमच्यासमोर, मी आता झोपणार नाही."